यादीत नाव आधी, मदत नंतर: स्वतःचा धंदा करणाऱ्यांनी संकटकाळच्या सरकारी मदतीसाठी काय तयार ठेवावं

१३ एप्रिल २०२१ च्या रात्री तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी कोरोनाचे कडक निर्बंध जाहीर केले आणि त्याच भाषणात ५,४७६ कोटी रुपयांची मदतही जाहीर केली. रिक्षाचालकांना १,५०० रुपये, फेरीवाल्यांना १,५००, घरकाम करणाऱ्या बायकांना आणि बांधकाम मजुरांनाही तेवढेच. टीव्हीवर ऐकताना वाटलं, हातावर पोट असणारे सगळे यात आले. प्रत्यक्षात रिक्षाचालक म्हणजे परवानाधारक, फेरीवाला म्हणजे नोंदणीकृत आणि मजूर म्हणजे कल्याणकारी मंडळाकडे नोंद असलेला, असा हिशोब निघाला. दुसऱ्याची रिक्षा रोजच्या भाड्यावर चालवणाऱ्याचीही कमाई बंद झाली होती, पण पैसे परमिट ज्याच्या नावावर त्याला.

त्याच वर्षी जुलैत चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं. तेव्हा दुकानदारांना प्रत्यक्ष नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५० हजार, आणि टपरीवाल्यांना जास्तीत जास्त १० हजार अशी मदत ठरली. अटी अशा: दुकानदार स्थानिक रहिवासी हवा, तिथल्या मतदार यादीत नाव हवं, रेशनकार्ड हवं, टपरी अधिकृत आणि नोंदणीकृत हवी, आणि या सगळ्यावर पंचनामा हवा. गाळ सगळ्यांच्याच दुकानात सारखा शिरला होता.

संकट आल्यावर सरकार नवी यादी करत बसत नाही, तेवढा वेळच नसतो. हाताशी असलेली यादी उचलायची आणि तिच्यावर पैसे सोडायचे, हीच रीत. २०२० च्या एप्रिलपासून तीन महिने केंद्राने दरमहा ५०० रुपये दिले ते महिलांच्या जनधन खात्यांत, कारण ती यादी तयार होती. नवऱ्याच्या नावावर जनधन खातं असलेल्या घराला त्यातून काही मिळालं नाही. मे २०२० मध्ये कर्नाटकाने न्हावी, धोबी आणि रिक्षा-टॅक्सीचालकांना ५,००० रुपये जाहीर केले, तर त्यासाठी सेवा सिंधू पोर्टलवर अर्ज मागवावे लागले आणि कागद गोळा करता करता लोकांच्या नाकी नऊ आले.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ब्रिटनमध्ये २६ मार्च २०२० रोजी तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी योजना जाहीर केली. सरासरी मासिक नफ्याच्या ८० टक्के, महिन्याला कमाल २,५०० पौंड, तीन महिन्यांचे एकदम. आपल्या १,५०० रुपयांपुढे रक्कम डोळे दिपवणारी, पण चाळणी तीच. २०१८-१९ चं विवरणपत्र भरलेलं हवं, नफा ५० हजार पौंडांच्या आत हवा आणि एकूण उत्पन्नाचा निदान निम्मा भाग धंद्यातून आलेला हवा. एप्रिल २०१९ नंतर धंदा सुरू केलेला माणूस पहिल्या तीन अनुदानांत बसलाच नाही; चौथ्या वेळी, म्हणजे २०२१ मध्ये, त्याला दार उघडलं. तिथे स्थायिक झालेल्या आणि नोकरी सोडून नुकताच स्वतःचा व्यवसाय थाटलेल्या मराठी माणसालाही हाच नियम होता.

म्हणून या लेखातली बहुतेक कामं संकट नसताना करायची आहेत. पुढचा क्रमही मुद्दाम तसाच ठेवला आहे.

पैसे उतरणारं खातं आधी नीट करा

मदत मंजूर होऊनही हातात न पडण्याचं सगळ्यात मोठं कारण खातं हे असतं, त्यामुळे इथे जरा थांबू.

आजकाल बहुतेक मदत थेट लाभ हस्तांतरणाने येते, ज्याला सगळे डीबीटी म्हणतात. यात सरकार अनेकदा तुमचा खाते क्रमांक बघतच नाही, आधार क्रमांकावर पैसे सोडतं. तो आधार कोणत्या बँकेशी जोडलाय हे राष्ट्रीय भरणा महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या, नोंदीत असतं. इथेच गोंधळ होतो. बँकेत केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं ‘लिंक’ झालं असं आपण धरतो. ते लिंक वेगळं, आणि डीबीटीसाठी लागणारं ‘सीडिंग’ वेगळं. एका माणसाची चार बँकांत खाती असू शकतात आणि चौघींकडे आधार दिलेलं असू शकतं, पण सीडिंग एका वेळी एकाच बँकेशी असतं. शेवटी जिथे केलं तिथे पैसे जातात.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये सुरू झाले तेव्हा हा घोळ घरोघरी दिसला. बायका पासबुक छापून आणायच्या, त्यात काही नसायचं, आणि पैसे जाऊन पडलेले असायचे कधीकाळी माहेरी उघडलेल्या खात्यात.

तेव्हा आजच हे बघा. आधारच्या संकेतस्थळावर मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून आत गेलं की ‘बँक सीडिंग स्टेटस’ दिसतं. बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की बंद, एवढं तिथे कळतं. हव्या त्या बँकेचं नाव नसेल तर त्या शाखेत जाऊन आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरून द्या आणि पोच घ्या. ‘लिंक करून द्या’ असं मोघम सांगू नका, ‘डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करायचंय’ असं स्पष्ट सांगा. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. काउंटरवरचा माणूस हो म्हणाला म्हणजे काम झालं असं नसतं.

ओटीपीसाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण रिचार्ज न केल्याने बंद पडलेला नंबर आधारला जोडलेली माणसं चिकार आहेत. गवंडीकाम, धुणीभांडी, चांभारकाम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन ते घेत नाही. अशांना तर मोबाइल नंबर हाच आधार. नंबर बदलायला बहुतेकजण आधार केंद्रावरच जातात, आणि योजना जाहीर झाल्यावर त्या केंद्रांपुढच्या रांगा रस्त्यापर्यंत येतात.

खातं जिवंत आहे का, हेही बघा. दोन वर्षं खातेदाराने एकही व्यवहार केला नाही तर बँक खातं निष्क्रिय ठरवते, मग केवायसी पुन्हा द्यावी लागते. वर्षातून दोनदा शंभर रुपये भरा-काढा, प्रश्न मिटला. ज्या खात्यातून कर्जाचे हप्ते कापले जातात किंवा किमान शिल्लक नसल्याचा दंड थकलाय, ते खातं मदतीसाठी ठेवू नका. मदत जमा होताच बँक आपली थकबाकी वळती करून घेते, अशा तक्रारी २०२४ मध्येही आल्या होत्या. शून्य शिल्लक चालणारं साधं बचत खातं किंवा पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं यासाठी बरं. टाळेबंदीत पोस्टमन मशीन घेऊन दारात येऊन पैसे देत होते, ते याच व्यवस्थेमुळे.

आता नाव. आधारवर ‘बाळासाहेब’, पासबुकात ‘बाळू’, रेशनकार्डावर ‘बाळकृष्ण’. गावात सगळ्यांना माहीत आहे की माणूस एकच. संगणकाला माहीत नाही. आधार, पॅन, पासबुक, रेशनकार्ड आणि धंद्याचा परवाना एका ओळीत मांडून नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळवून बघा. लग्नानंतर निम्मे कागद माहेरच्या नावाने राहिलेल्या बाईने हे आधी करावं. किरकोळ फरक आधार केंद्रावर किंवा बँकेत दुरुस्त होतो. नावच बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते आणि त्याला वेळ जातो.

तुमचं नाव कोणत्या यादीत असायला हवं

सगळ्यांनी करायची एक नोंद म्हणजे ई-श्रम. स्थलांतरित मजुरांच्या हालांची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, त्यातून २६ ऑगस्ट २०२१ रोजी हे पोर्टल सुरू झालं. वय १६ ते ५९, काम असंघटित क्षेत्रातलं, भविष्य निर्वाह निधी किंवा ईएसआय (कामगार राज्य विमा) नाही आणि प्राप्तिकर भरत नाही, अशा कोणालाही नोंद करता येते. फुकट असते. बारा आकडी क्रमांक मिळतो. मदतवाहिनी १४४३४. कार्ड काढून पाकिटात ठेवलं आणि विसरलं असं करू नका. तेव्हा वडापावची गाडी होती आणि आता शिवणकाम करता, तर व्यवसायाचा रकाना बदला. तेव्हा नाशिकला होता आणि आता पनवेलला आहात, तर पत्ता बदला. उद्या व्यवसायानुसार किंवा जिल्ह्यानुसार मदत निघाली तर याच रकान्यांवरून निघण्याची शक्यता जास्त. ई-श्रम असलं म्हणजे पैसे मिळतीलच असं कोणी सांगत असेल तर तेही खरं नाही. ती यादी आहे, योजना नव्हे.

बाकी धंद्याप्रमाणे.

रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी लायसन्स, बिल्ला, परमिट, फिटनेस आणि विमा मुदतीत ठेवावा. २०२१ च्या मदतीच्या अर्जात गाडी क्रमांक, परमिट क्रमांक, लायसन्स क्रमांक आणि आधार मागितला होता. एकाचा जरी आरटीओच्या नोंदीशी मेळ बसला नाही तरी अर्ज अडकायचा. शिफ्टवर चालवणाऱ्यांसाठी आता एक वाट आहे: राज्याने रिक्षा व मीटर टॅक्सीचालकांसाठी आनंद दिघे यांच्या नावाने कल्याणकारी मंडळ केलं आहे. त्याची चौकशी आरटीओत करा आणि सभासद व्हा. मालकाच्या परमिटवर आपलं नाव कधीच येणार नाही, पण चालक म्हणून कुठेतरी स्वतंत्र नोंद असणं कामाचं.

फेरीवाल्यांची अडचण सगळ्यात जुनी. पथविक्रेता कायदा २०१४ चा. त्यानुसार पालिकेने सर्वेक्षण करायचं, शहर विक्रेता समिती नेमायची आणि विक्रेता प्रमाणपत्र द्यायचं. बऱ्याच शहरांत हे काम रखडलेलं आहे, हे उघड गुपित. पण १ जून २०२० पासून पीएम स्वनिधी ही फेरीवाल्यांसाठीची कर्जयोजना सुरू झाली आणि तिच्यासाठी पालिकांनी जी नावं घेतली ती यादी पुढे उपयोगी पडली. सर्वेक्षणात नाव नसेल तर पालिकेकडून शिफारस पत्र मागता येतं. त्यासाठी फेरीवाला संघटनेचं सभासदत्व, कधी झालेल्या दंडाच्या पावत्या, पालिकेच्या बाजार शुल्काच्या पावत्या असं काहीही जपून ठेवा. हो, दंडाच्या पावत्यासुद्धा. तुम्ही तिथे धंदा करत होता याचा सरकारनेच दिलेला पुरावा आहे तो.

स्वनिधी हे कर्ज आहे, मदत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. सुरुवातीला १०, २० आणि ५० हजार असे टप्पे होते. २०२५ मध्ये ते १५, २५ आणि ५० हजार झाले आणि योजना ३१ मार्च २०३० पर्यंत वाढली. वेळेवर फेडलं तर व्याजात ७ टक्क्यांची सवलत मिळते. गरज नसेल तर केवळ यादीत येण्यासाठी कर्ज काढू नका, शिफारस पत्र आणि नोंद तेवढी करून घ्या.

छोट्या दुकानदाराने गुमास्ता, म्हणजे शॉप अ‍ॅक्टची पावती, आपले सरकार पोर्टलवरून काढावी. खाण्याचा धंदा असेल तर अन्न परवाना नोंदणी, आणि सोबत उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची केंद्राकडची नोंद. उद्यम १ जुलै २०२० पासून आहे आणि पूर्ण मोफत आहे. त्याच नावाशी मिळतीजुळती संकेतस्थळं हजार-दोन हजार घेतात, पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ ने संपतो का ते बघूनच पुढे जा. पॅन आणि जीएसटी नसलेल्या अगदी लहान धंद्यांसाठी २०२३ पासून उद्यम असिस्ट आहे. ही नोंद बँकेमार्फत होते.

सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, परीट अशा १८ व्यवसायांसाठी केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना आहे; नोंदणी सीएससी, म्हणजे सामायिक सेवा, केंद्रावर होते आणि ग्रामपंचायत किंवा पालिका पडताळणी करते. घरकाम करणाऱ्यांची नोंद घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे, बांधकामावरच्यांची इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळाकडे होते. बांधकामासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. या नोंदी नूतनीकरणाशिवाय मरतात. एप्रिल २०२० मध्ये बांधकाम मंडळाने २,००० रुपये दिले ते नोंदणी चालू असलेल्यांनाच. नूतनीकरणाची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. मच्छीमारांच्या बाबतीत बोटीची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना दोन्ही मुदतीत हवेत.

धंदा चालू होता हे कशावरून दाखवणार?

पगारदाराकडे पगारपत्रक असतं. आपल्याकडे गल्ला असतो, आणि गल्ला काही बोलत नाही.

रोजची वही ठेवा. दोनशे पानी वही पुरते: तारीख, जमा, खर्च, शिल्लक. वहीला कायदेशीर वजन फारसं नसतं, पण बँकेचा उतारा आणि यूपीआयच्या नोंदी तिच्याशी जुळल्या की वजन येतं. गिऱ्हाइकांचे यूपीआयचे पैसे बायकोच्या किंवा मुलाच्या खात्यात जात असतील तर ते थांबवा आणि स्वतःच्या खात्यात घ्या. धंदा तुमचा आणि उलाढाल मुलाच्या नावावर, असं चित्र पंचनाम्याला किंवा कर्जाला अडतं. घाऊक बाजारातली पक्की बिलं, वीजबिल, गाळ्याचा भाडेकरार, पालिकेच्या कराची पावती वर्षवार एका पिशवीत ठेवा.

प्राप्तिकर विवरणपत्र भरावं का, हा प्रश्न नेहमी येतो. उत्पन्न करमर्यादेच्या आत असलं तरी भरलेलं बरं, असं माझं मत. छोट्या धंद्यासाठी उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा धरून भरण्याची सोय आहे (रोखीला ८ टक्के, बँकेतून आलेल्या पैशांना ६ टक्के), हिशोबनीस ठेवावा लागत नाही. शून्य कराचं विवरण भरलं म्हणजे तुम्ही करदाते झालात आणि ई-श्रमला मुकलात, असं होत नाही. अडचण वेगळीकडे आहे. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार आहे. महिन्याला पाच हजारांच्याही आत शहरात कोण जगतं, हे शासनालाच ठाऊक. त्यामुळे लोक कागदावर उत्पन्न कमी ठेवतात आणि मग कर्ज मागायला गेलं की तोच कागद आडवा येतो. या कात्रीवर माझ्याकडे सोपा उपाय नाही. एवढंच सांगेन की तहसीलदाराच्या दाखल्यात एक आकडा, विवरणपत्रात दुसरा आणि कर्जाच्या अर्जात तिसरा असं करू नका. आता हे सगळं आधार-पॅनने एकमेकांशी ताडून बघितलं जातं.

पूर, वादळ, आग: पंचनाम्याच्या दोन दिवसांत काय करायचं

साथीच्या काळातली मदत यादीवरून येते, पूर-वादळातली पंचनाम्यावरून. तलाठी, ग्रामसेवक, शहरात पालिकेचे कर्मचारी येतात, बघतात, लिहितात. त्यांना एका दिवसात शेकडो ठिकाणं करायची असतात. तुमच्या दुकानासमोर ते पाच मिनिटं उभे राहतील, ती पाच मिनिटं वाया जाऊ देऊ नका.

पाणी ओसरलं की पहिली इच्छा होते ती साफसफाईची. आधी फोटो. बाहेरून पाटीसकट दुकान, भिंतीवरची पाण्याची रेघ, आत भिजलेला माल, यंत्रांचे नंबर दिसतील असे जवळून फोटो, आणि एक सलग व्हिडिओ. मोबाइलमध्ये तारीख आणि ठिकाणाची नोंद चालू ठेवा. फोटो लगेच कोणा नातेवाइकाला पाठवून द्या, कारण तुमचा मोबाइलही भिजलेला असू शकतो. खराब माल फेकावाच लागला, आणि आरोग्यासाठी तो फेकावाच लागतो, तर थोडा नमुना आणि खोकी बाजूला ठेवा.

मग एका कागदावर यादी करा: वस्तू, नग, अंदाजे खरेदी किंमत, बिल आहे की नाही. आकडा फुगवू नका. मदतीला वरची मर्यादा आहेच, ५० हजारांच्या वर कितीही लिहिलं तरी मिळत नाही, आणि फुगवलेली यादी बघून अधिकारी खऱ्या नोंदींवरही शंका घेतो. यादीच्या दोन प्रती काढा. एक पंचनामा करणाऱ्याला द्या, दुसरीवर त्याची सही किंवा पोच मागा.

पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा. अंधुक उजेडात, ओल्या कपड्यांत, तलाठी घाईत असताना वाचणं अवघड असतं, मान्य. तरी चार गोष्टी बघाच: तुमचं नाव आधारप्रमाणे लिहिलंय का, दुकानाचा पत्ता किंवा गाळा क्रमांक बरोबर आहे का, ‘दुकान’ लिहिलंय की ‘टपरी’ (५० हजार आणि १० हजारांतला फरक इथे ठरतो), आणि नुकसानीचा आकडा कोरा तर नाही ना. सही केलेल्या पानाचा फोटो काढा. भाड्याच्या गाळ्यात धंदा असेल तर नुकसान मालाचं तुमचं आणि इमारतीचं मालकाचं, हे वेगळं लिहून घ्या. नाहीतर मदत घरमालकाच्या नावाने जाते आणि मग संबंधही बिघडतात.

कोणी आलंच नाही तर वाट बघत बसू नका. तहसील कार्यालयात किंवा पालिकेत लेखी अर्ज द्या, ‘माझ्या दुकानाचा पंचनामा झालेला नाही’, सोबत फोटो, आणि आवक शिक्का मारलेली प्रत परत घ्या. हा शिक्का पुढे अपिलात सोन्यासारखा असतो.

हस्तकला आणि हातमागवाल्यांसाठी आपत्ती निवारण निधीच्या निकषांत वेगळी तरतूद आहे. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत अवजारांसाठी ५,००० आणि कच्च्या किंवा तयार मालासाठी ५,००० रुपये प्रत्येकी धरले आहेत. हे फार कमी जणांना माहीत असतं, आणि मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. कुंभार, बुरूड, विणकर यांनी पंचनाम्यात घर आणि अवजारं स्वतंत्र लिहून घ्यावीत.

दुकानाचा विमा असेल तर सरकारी पंचनाम्याची वाट न बघता विमा कंपनीला लगेच कळवा. तिचा सर्वेक्षक वेगळा येतो. त्याने बघेपर्यंत दुकान हलवू नका, किंवा निदान त्याला विचारून हलवा.

मदत जाहीर झाली, आता अर्ज

टीव्हीवरची घोषणा आणि शासन निर्णय यांत काही दिवस किंवा आठवडे जातात. याच मधल्या काळात फसवणूक करणारे कामाला लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म फिरतात, एखादी एपीके फाइल (मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकणारी) येते, ‘नाव नोंदवा, ५,००० मिळवा’. शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर विभागवार शोधता येतो आणि प्रत्येकावर सांकेतांक असतो. तुमच्याकडे आलेल्या कागदावरचा सांकेतांक तिथे टाकून बघा. निघाला नाही तर कागद खोटा. सरकारी मदतीसाठी कोणी ओटीपी, पिन किंवा ‘प्रोसेसिंग फी’ मागत नाही. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे.

निर्णय हाती आला की सगळा वाचायची गरज नाही. प्रस्तावना सोडा. पात्रता, अपात्रता, कोणत्या तारखेला नोंद असायला हवी, अर्ज कुठे, शेवटची तारीख, आणि मदत आधारवर की खाते क्रमांकावर, एवढं शोधा. कोणत्या तारखेची नोंद धरणार हा मुद्दा लोक वगळतात. स्वनिधीला सुरुवातीला २४ मार्च २०२० किंवा त्याआधीपासून विक्री करणारे अशी अट होती. योजना ऐकून दुसऱ्या दिवशी काढलेला परवाना अशा अटीपुढे चालत नाही.

सेवा केंद्रावर अर्ज भरून घेत असाल तर स्क्रीनकडे बघा. भरणारा मुलगा दिवसभर शंभर अर्ज भरतो आणि मोबाइल नंबरच्या जागी सवयीने केंद्राचा नंबर टाकतो. मग सगळे संदेश त्याला जातात आणि तुम्हाला काही कळत नाही. अर्ज क्रमांकाची पावती छापून घ्या, फोटोही काढा. केंद्राची फी किती ते फलकावर लिहिलेलं असतं.

नाव कापलं गेलं तर

‘वरून आलं नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. कारण लेखी मागा. अर्ज नाकारला असेल तर पोर्टलवर शेरा असतो, बहुतेक वेळा नाव न जुळणं, निष्क्रिय खातं किंवा अस्पष्ट कागद. हे दुरुस्त करून पुन्हा सादर करण्याची खिडकी असते आणि ती लवकर बंद होते.

पात्र असूनही वगळलं असेल तर आपले सरकारच्या तक्रार निवारण कक्षात तक्रार करा, केंद्राची योजना असेल तर केंद्राच्या तक्रार पोर्टलवर. तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे जिल्हाधिकाऱ्यांसमोर कागद ठेवता येतो आणि नोंद होते. एकट्याने जाण्यापेक्षा त्याच गल्लीतल्या दहा दुकानदारांनी एकत्र जावं, अर्ज मात्र प्रत्येकाने आपापला द्यावा. सामूहिक निवेदन फायलीत जातं आणि तिथेच राहतं.

त्यानेही हललं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारा: अमुक गावातल्या किंवा प्रभागातल्या लाभार्थ्यांची यादी, माझ्या अर्जावरची टिपणी, पंचनाम्याची प्रत. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘मला मदत का दिली नाही’ असा प्रश्न विचारू नका, कागदाची प्रत मागा. ‘का’चं उत्तर टाळता येतं, प्रत टाळणं अवघड जातं. दाखले आणि नोंदी अडल्या असतील तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा वापरा. प्रत्येक अधिसूचित सेवेला दिवस ठरलेले आहेत आणि त्यानंतर अपील करता येतं.

मदत येईपर्यंत हप्त्यांचं काय

१,५०० रुपयांत रिक्षाचा महिन्याचा हप्ताही भागत नाही. म्हणून संकटाच्या पहिल्याच आठवड्यात बँकेत किंवा पतपेढीत जा. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट अशी हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. लोकांनी ती माफी समजली, पण व्याज चढतच होतं. पुढे दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरचं त्या काळातलं व्याजावरचं व्याज सरकारने भरलं, मूळ व्याज मात्र ज्याचं त्याला भरावं लागलं. तेव्हा अशी सवलत पुन्हा आली तर आधी विचारा, मुदत किती महिन्यांनी वाढेल आणि एकूण किती जास्त भरावे लागतील. थोडी कमाई चालू असेल तर निदान व्याजाएवढी रक्कम भरत राहणं स्वस्त पडतं.

नैसर्गिक आपत्तीत बँकांना कर्जाची फेररचना करता येते. त्यासाठी शाखेत लेखी अर्ज आणि पंचनाम्याची प्रत द्या. शाखा ऐकत नसेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाकडे जा. हा माणूस जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकांना बसतो. खासगी फायनान्सवाल्याची वसुली दारात आली तर त्याच अर्जाची आवक शिक्क्याची प्रत दाखवा, हप्ता थकल्याचं तोंडी कारण देत बसू नका.